रसेलच्या नावापुढचं शून्य

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर ‘सर्वकालीन सर्वश्रेष्ठ सेंटर कोण?’ हा तक्ता आला (सेंटर म्हणजे रिंगजवळ खेळणारा, सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू). मराठी दैनिकात बास्केटबॉलला अर्धं पान मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला. जॉर्ज मायकन, बिल रसेल, विल्ट चेंबरलेन, करीम अब्दुल-जब्बार, मोझेस मलोन, हकीम ओलाजुवॉन, शॅकील ओनील आणि निकोला योकिच अशी आठ नावं आणि समोर गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), ब्लॉक (समोरच्याचा शॉट हवेत अडवणं), विजेतेपदं यांचे रकाने. नावांबद्दल माझी तक्रार नाही. मी शाळेत क्रीडाशिक्षिका होते आणि निवृत्तीनंतरही जिल्हा व विभागीय स्पर्धांमध्ये टेबलवर स्कोअरर म्हणून बसते. त्यामुळे माझी नजर आधी रकान्यांवर गेली. तिथे छापलं होतं : रसेल, ब्लॉक ०. चेंबरलेन, ब्लॉक ०. मायकन, ब्लॉक ०.

हे शून्य चुकीचं आहे, आणि या एका चुकीमुळे तक्त्याचा सगळा निकाल फिरला आहे. रसेल आपल्या क्रमवारीत पाचवा आला तो त्यामुळेच.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने ब्लॉक आणि स्टील (चेंडू हिसकावून घेणं) अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या मोसमात. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. विल्टचा शेवटचा मोसम १९७२-७३ चा. तो मैदानातून बाहेर पडला आणि पुढच्याच मोसमात मोजणी सुरू झाली. करीम तेव्हा पाचव्या मोसमात खेळत होता, म्हणून त्याच्या नावावर असलेल्या ३,१८९ ब्लॉकमध्ये पहिल्या चार वर्षांचा एकही नाही. ओलाजुवॉनचे ३,८३० हा विक्रम आहे, पण तो मोजणी सुरू झाल्यापासूनचा. त्याला ‘सर्वकालीन’ म्हणता येत नाही. मायकनच्या पहिल्या दोन मोसमांत तर रिबाउंडचीही नोंद होत नव्हती. टेबलवर नवीन मुलगी बसली की मी तिला पहिल्या दिवशी हेच सांगते : जे घडलं नाही तिथे शून्य लिही, जे पाहिलंच नाही तिथे जागा कोरी ठेव. कोऱ्या जागेत शून्य भरणं म्हणजे खोटी नोंद करणं.

आता रसेल काय करत होता ते सांगते. उंची सहा फूट दहा इंच, म्हणजे सेंटरच्या मानाने फार नाही. डावखुरा. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोफत शॉट) शंभरात छप्पन्न पडायचे. सरासरी गुण १५.१. ओनील, करीम, विल्ट यांच्या शेजारी हा आकडा ठेवला तर कुणीही म्हणेल की हा यादीत कशाला? पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन तो डिसेंबरात बोस्टन सेल्टिक्समध्ये आला, तोपर्यंत त्या संघाने एकही विजेतेपद जिंकलं नव्हतं. पुढच्या तेरा मोसमांत त्यांनी अकरा जिंकली. त्यातली आठ लागोपाठ, १९५९ ते १९६६. शेवटची दोन त्याने खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत जिंकली. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली असं त्याच्या कारकिर्दीत दहा वेळा झालं, आणि दहाही वेळा सेल्टिक्स जिंकले. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात तोच संघ ३४ सामने जिंकला, ४८ हरला आणि बाद फेरीतही पोचला नाही. सॅम जोन्सही त्याच वर्षी निवृत्त झाला होता, हे धरूनसुद्धा ही घसरण फार मोठी आहे.

रसेलचा ब्लॉक आजच्या बहुतेक ब्लॉकसारखा नव्हता. प्रेक्षकांत चेंडू भिरकावून टाळ्या मिळवण्यात त्याला रस नव्हता. तो चेंडू बोटांनी वर टोलवायचा, शक्यतो आपल्याच माणसाच्या हातात पडेल असा, आणि तिथूनच सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट प्रतिहल्ला, सुटायचा. बॉब कूझीसारखा पासर पुढे असायचा. म्हणजे एका ब्लॉकमध्ये समोरच्यांचे दोन गुण जायचे आणि आपले दोन यायचे. चार गुणांचा फरक, आणि त्या काळच्या बॉक्स स्कोअरमध्ये (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यात) त्याचं नाव कुठेही नाही! त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जे शॉट मारलेच गेले नाहीत ते. तो आत उभा आहे हे दिसल्यावर ले-अपसाठी (रिंगजवळ जाऊन टाकायच्या शॉटसाठी) निघालेला खेळाडू थबकायचा आणि चेंडू बाहेर द्यायचा. ही गोष्ट तर आजही मोजायला अवघड जाते.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहिते आहे, तर आपल्याकडची स्कोअरशीट आजही तशीच आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या अधिकृत शीटवर रनिंग स्कोअर असतो, फाउल असतात, टाइम-आउट असतात. रिबाउंड नाही, ब्लॉक नाही, असिस्ट (ज्यावर गुण होतो तो पास) नाही. मोठ्या स्पर्धांत आकडेवारीसाठी वेगळी माणसं बसतात, शालेय स्पर्धेत ती कोण बसवणार? म्हणजे बचाव करणाऱ्या मुलीचं नाव शीटवर उमटतं ते फक्त तिने फाउल केला तर. आमच्या शाळेच्या संघात एक उंच मुलगी होती. हात लांब, उडी साधारण, पण समोरची कधी सुटणार याचा अंदाज अचूक. तिच्यासमोर आलेल्या मुली चेंडू परत बाहेर द्यायच्या आणि शॉटसाठीचे चोवीस सेकंद संपत आले की लांबून काहीतरी फेकायच्या. आम्ही सामना जिंकायचो. शीटवर तिच्या नावापुढे चार गुण आणि तीन फाउल. एका निवड चाचणीत समोर बसलेल्यांनी शीट चाळल्या आणि तिच्याऐवजी चौदा गुणांची मुलगी घेतली. ती चौदा गुणांची मुलगीही चांगलीच होती. पण ज्यांनी निवड केली त्यांनी आमचा सामना पाहिला नव्हता, शीट पाहिली होती. तेव्हापासून मी माझ्या वहीत वेगळ्या खुणा ठेवते : अडवलेला शॉट, वळवलेला शॉट, आपल्या हातात आलेला ब्लॉक. वहीला अधिकृत किंमत नाही. प्रशिक्षकांना दाखवता येते, एवढंच.

अशी वही ठेवणारा एक मोठा माणूस अमेरिकेतही होता, फिलाडेल्फियाचा हार्वी पोलॅक. २ मार्च १९६२ ला हर्शी गावात विल्टने न्यूयॉर्कच्या निक्स संघाविरुद्ध १०० गुण केले, तेव्हा सामन्याची नोंद पोलॅकच ठेवत होता. विल्ट हातात ‘१००’ लिहिलेला कागद धरून बसला आहे तो प्रसिद्ध फोटो आपणही छापलात. तो आकडा पोलॅकच्या हातचा. सामन्याचं चित्रीकरण नाही, प्रेक्षक ४,१२४. ६३ शॉटपैकी ३६, ३२ फ्री थ्रोपैकी २८, हे सगळं आपल्याला माहीत आहे ते टेबलवरच्या माणसांमुळे. विल्टचे ब्लॉकही पोलॅक स्वतःच्या समाधानासाठी मोजायचा. लीगने त्या नोंदींची दखल घेतली नाही. माझ्या दृष्टीने त्या खेळाच्या इतिहासाची ही मोठी हानी आहे.

आता विल्टकडे वळते, कारण आपल्या तक्त्यात तो पहिला आहे. १९६१-६२ च्या मोसमात सामन्यामागे ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड. हे आकडे खरे आहेत आणि थक्क करणारेही आहेत. पण ते ज्या खेळातून आले तो खेळ वेगळा होता. तेव्हा लीगमध्ये नऊ संघ होते. प्रत्येक संघ एका सामन्यात सरासरी १०८ च्या आसपास शॉट मारायचा आणि त्यातले निम्म्याहून जास्त चुकायचे. चुकलेला शॉट म्हणजे रिबाउंड. त्यामुळे एका संघाच्या वाट्याला सामन्यामागे सत्तरच्या वर रिबाउंड यायचे. १९९९-२००० मध्ये, जेव्हा ओनील सर्वोत्तम खेळाडू ठरला, तेव्हा संघ सरासरी ८२ शॉट मारत होते आणि रिबाउंड ४३ च्या जवळपास होते. ओनीलचे १३.६. विल्टच्या २५.७ समोर अगदी निम्मे दिसतात. पण विल्ट सामन्यामागे ४८.५ मिनिटं खेळला (जादा वेळ धरून, म्हणजे जवळजवळ कधी बसलाच नाही) आणि ओनील ४० मिनिटं. दोघं मैदानावर असताना संघाच्या रिबाउंडमधला त्यांचा वाटा ढोबळमानाने काढला, तर दोघांचाही शंभरात पस्तीस ते अडतीसच्या दरम्यान येतो. हे गणित मी कागदावर केलं तेव्हा मला ओनीलबद्दल जास्त आदर वाटला, आणि विल्टबद्दल मुळीच कमी झाला नाही. कारण अठ्ठेचाळीस मिनिटं न बसता खेळणं हेही कुणाचं काम नाही.

त्याच मोसमात सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार कुणाला मिळाला? रसेलला. आणि तेव्हा हा पुरस्कार पत्रकार देत नसत, खेळाडू मतदान करत. जे रात्री विल्टकडून चाळीस-पन्नास गुण खात होते त्यांनीच हे मत दिलं. त्या वर्षी पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना सेल्टिक्सने १०९-१०७ असा जिंकला. मोसमभर पन्नासची सरासरी असलेल्या विल्टचे त्या सामन्यात २२ गुण झाले. पुढे अंतिम मालिकेत लेकर्स संघाविरुद्धच्या सातव्या सामन्यात रसेलने ३० गुण केले आणि ४० रिबाउंड घेतले.

याला उत्तर काय दिलं जातं ते मला ठाऊक आहे. रसेलभोवती कूझी, सॅम जोन्स, हॅवलिचेक होते, बाकावर प्रशिक्षक रेड आवरबाख होता. लीग लहान होती, विजेतेपदासाठी दोन-तीन मालिका पुरायच्या. विल्टच्या वाट्याला असे सोबती उशिरा आले आणि आले तेव्हा त्याने १९६७ आणि १९७२ मध्ये जिंकून दाखवलं. हे सगळं मान्य. विल्टला ‘हरणारा’ म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आले आहे. १९६७-६८ मध्ये त्याने लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट दिले. सेंटरने! आजच्या योकिचचा खेळ पाहून जे हरखतात त्यांनी हे वर्ष जरूर पाहावं. पण दोघं एकमेकांसमोर १४० हून अधिक वेळा आले आणि त्यात रसेलचा संघ बराच पुढे राहिला.

मायकनला आपण आठवा ठेवलात. त्याच्यावर मला जास्त बोलायचं नाही, पण त्याच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने पाहायला हवी. एनबीएमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आले १९५० मध्ये, तेही मोजके. म्हणजे मायकनच्या पहिल्या वर्षांत देशातल्या उत्तम खेळाडूंपैकी कितीतरी जणांना दारच बंद होतं. तो ज्यांच्यावर भारी पडला ते अर्धेच प्रतिस्पर्धी होते. उलट बाजूने पाहिलं तर त्याच्यामुळे थ्री सेकंद एरिया (रिंगखालचा पट्टा, जिथे आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) १९५१ मध्ये सहा फुटांचा बारा फूट झाला (पुढे विल्टच्या काळात, १९६४ मध्ये, सोळा झाला). २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेनच्या संघाने चेंडू नुसता धरून ठेवला, मायकनच्या हातात जाऊच नये म्हणून. सामना १९-१८ असा संपला आणि मिनियापोलिसच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे होते. असल्या सामन्यांना लोक कंटाळले, तेव्हा सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बायसोन याने हिशेब मांडला : अठ्ठेचाळीस मिनिटांचे २,८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून १२० शॉट, म्हणजे एका शॉटला २४ सेकंद. १९५४ पासून चोवीस सेकंदांचं घड्याळ आलं. मायकन त्याआधीच थांबला होता. १९५५-५६ मध्ये परत आला, ३७ सामने खेळला, सरासरी १०.५ वर आली. घड्याळाच्या खेळात त्याचे पाय पोचले नाहीत. तरीही त्याच्या नावाचं ड्रिल मी मुलींकडून करून घेत आले : रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने, चेंडू खाली न पडू देता.

करीमला दुसरा क्रमांक दिलात तो मला पटतो. वीस मोसम, सहा वेळा सर्वोत्तम खेळाडू, सहा विजेतेपदं, आणि ३८,३८७ गुणांचा विक्रम, जो फेब्रुवारी २०२३ मध्ये लेब्रॉन जेम्सने मोडला. कॉलेज बास्केटबॉलने १९६७ मध्ये डंक करायलाच (चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायलाच) बंदी घातली, ती प्रामुख्याने त्याच्यामुळे, असं मानलं जातं. ती बंदी १९७६ पर्यंत टिकली. त्याने स्कायहूक (कडेने वळून एका हाताने डोक्यावरून टाकायचा शॉट) धरला. १९७१ च्या आणि १९८५ च्या अंतिम मालिकेत तो सर्वोत्तम ठरला, मध्ये चौदा वर्षं.

मला विचाराल तर रसेल पहिला, करीम दुसरा, आणि तिसरा ओलाजुवॉन. ओलाजुवॉन लागोसला हँडबॉल आणि फुटबॉल खेळत वाढला आणि बास्केटबॉलकडे उशिरा आला. त्याचे पाय पाहिले की हे लगेच कळतं. १९८८-८९ च्या एकाच मोसमात त्याने २०० च्या वर ब्लॉक आणि २०० च्या वर स्टील केले. दुसऱ्या कुणालाही हे जमलेलं नाही. मोजणी सुरू झाल्यानंतरचा तो रसेलच्या सर्वांत जवळचा माणूस. १९९५ मध्ये तरुण ओनीलच्या ओरलँडोला त्याने ४-० असं हरवलं, हेही आपल्या वाचकांना सांगायला हवं होतं. ओनील चौथा. २००० ते २००२ त्याला एकट्याने अडवणं अशक्य होतं. झोन बचावाला (खेळाडूऐवजी जागा सांभाळण्याच्या बचावाला) २००१ पासून परवानगी मिळाली ती त्याच्या भर काळात. तरीही तो जिंकला.

योकिचला आताच क्रमांक देऊ नये. तीन वेळा सर्वोत्तम खेळाडू, २०२३ चं विजेतेपद, आणि २०२४-२५ मध्ये गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्हींची सरासरी दहाच्या वर. त्याचे पास पाहून माझे जुने विद्यार्थी सकाळी फोन करतात. पण तो अजून खेळतो आहे, त्याचा हिशेब पुरा होऊ द्या.

एवढ्यासाठी माझी विनंती : तक्त्याची दुरुस्ती छापताना रसेल, विल्ट आणि मायकन यांच्या ब्लॉकच्या जागा कोऱ्या ठेवा आणि खाली ‘१९७३-७४ पासून नोंद’ एवढं लिहा.

दुसरी विनंती त्याहून महत्त्वाची. आपल्या आठ नावांत एकही बाई नाही. पुढच्या रविवारी त्यांचा तक्ता छापा, आणि त्यात पहिलं नाव सोव्हिएत संघाच्या उल्याना सेम्योनोवाचं असू द्या. लाटव्हियाची, सात फुटांच्या आसपास उंच. महिलांचं बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आलं १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये. तिथे तिच्या संघाने अमेरिकेला ११२-७७ असं हरवून सुवर्ण घेतलं, १९८० ला मॉस्कोत पुन्हा घेतलं. सोव्हिएत संघाकडून खेळताना अधिकृत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती अठरा वर्षांत एकही सामना हरली नाही. तिच्यानंतर चीनची झेंग हायशिया, अमेरिकेची लिसा लेस्ली, ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन, आणि पोलंडची मार्गो डिडेक, सात फूट दोन इंचांची. डिडेक डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिला लीगमध्ये आली १९९८ ला, आणि तिथे ब्लॉकची नोंद लीगच्या पहिल्या मोसमापासूनच ठेवली जात होती. तिच्या रकान्यात आपल्याला पहिल्या सामन्यापासूनचा खरा आकडा मिळेल.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, नागपूर